ब्रेक दाबलाय, बघा

ताई,

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम व्यवस्थित पार पडला. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असतात तर पहिला प्रश्न तोच विचारला असतात, आणि दुसरा, जेवण पुरलं का. पुरलं. खुर्च्या कमी पडल्या, त्या विहारातून आणल्या. भन्तेजींना आणायला तुमचा भाऊ स्वतः गेला आणि चक्क वेळेवर परत आला. तुमच्या दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टर पांढऱ्या साड्या नेसून एका रांगेत बसल्या होत्या. त्यांतल्या काहीजणी बोलल्याही. तुमचा हात किती हलका होता, तुम्ही कधी कुणा पेशंटला दारातून परत पाठवलं नाहीत. सगळं खरंच होतं. मग कुणीतरी म्हणालं, आता सुजातावहिनी दोन शब्द बोलतील, आणि मी पाण्याचे जार बघायला म्हणून मागे निघून गेले. मला बोलायचं होतं ते स्कूटरच्या ब्रेकलाइटबद्दल. ते माइकवरून कसं बोलणार?

म्हणून इथे लिहिते आहे.

माझ्या याद्यांना तुम्ही आयुष्यभर हसलात. कार्यक्रमाची यादीही मी केलीच होती. संध्याकाळी मंडप उतरला तेव्हा तिच्यातल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या होत्या, एक सोडून. शेवटी लिहिलं होतं, स्कूटरचा ब्रेकलाइट. ती ओळ त्या दिवसाची नव्हतीच. जुन्या यादीतून नव्या यादीत, तिथून त्यापुढच्या यादीत, अशी ती किती महिने उतरवून घेत होते, तुम्हाला माहीत आहे.

आपल्या दोघींत एक स्कूटर. सिन्नरच्या कारखान्यात मला स्टोअरचं काम मिळालं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला की कंपनीची बस हायवेवर थांबते, तिथपर्यंत ही जाणार कशी आणि अंधार पडल्यावर येणार कशी.  सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही वरच्या मजल्यावरून भाजी द्यायला खाली आला होतात. पातेलं हातात तसंच धरून म्हणालात, "मी सोडीन तिला बसपर्यंत. आन् संध्याकाळी घिऊन बी येईन. अजून काय अडचण हाय का कुणाला?" कुणाला काही अडचण उरली नाही. तेव्हा तुमच्याकडे स्कूटर नव्हती. ती तुम्ही नंतर घेतलीत.

गंगापूर रोडला धरणाकडे जाताना वस्ती विरळ होते, तिथे नेऊन तुम्ही मला चालवायला शिकवलंत. मागे बसून एका हाताने माझा खांदा धरायचात आणि ओरडायचात, "पुढं बघ! माझ्याकडं काय बघती, मी काय रस्ता हाय?" मी एका द्राक्षबागेच्या तारेच्या कुंपणात स्कूटर घातली, तर तुम्ही पर्समधून कापूस आणि चिकटपट्टी काढलीत, माझ्या कोपराला लावलीत, आणि म्हणालात, "चल, चालू कर." त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. कोपर दुखत होता. पुढे दुखायचा थांबला, तरी मानले नाहीत. नणंद-भावजयीत आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि तुम्हाला ते सहनही झालं नसतं.

पद्धत होती ती हजेरीची. स्कूटरचा मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही. तो लागतो की नाही हे कळायला मागे दुसरं माणूस उभं लागतं. सकाळी अंगणात तुम्ही सीटवर बसायचात आणि मी मागे उभी राहायची. संध्याकाळी बसथांब्यावर मी बसायची, कारण दिवसभर ड्युटी करून तुमचे पाय गेलेले असायचे, आणि तुम्ही मागे. बसलेलीने नाव घ्यायचं, उभी असलेलीने उत्तर द्यायचं.

"डावा?"

"हाय."

"उजवा?"

"हाय."

"ब्रेक?"

"हाय. चल आता, भूक लागलीय."

मी सकाळी "आहे" म्हणायची, तुम्ही संध्याकाळी "हाय". इतकी वर्षं नाशकात काढून तुमची निफाडकडची बोली तसूभर हलली नाही. बसमधून उतरणाऱ्या माझ्या बरोबरीच्या बायका आपल्याकडे बघून हसायच्या. एकीने विचारलंही, "काय हो, रोज गाडीची पूजा करता का?" तुम्ही म्हणालात, "नाय, तपासणी. पेशंट बरा असला तरी राउंड चुकवायचा नसतो."

आणि मग ब्रेकलाइट बिघडला. कायमचा बिघडला असता तर बरं झालं असतं. तो मनात येईल तसा बिघडायचा. सकाळी तुम्ही ब्रेक दाबायचात आणि मागे काहीच लागायचं नाही. तुम्ही लिव्हर दोन-तीनदा हलवायचात आणि लागायचा. तुमचं निदान झालं, लिव्हरचा स्विच. संध्याकाळी मी ब्रेक दाबायची आणि मागून तुमचा आवाज यायचा, "ब्रेक नाय. पण दोन्ही इंडिकेटर मिणमिणत्यात." ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो याचा अर्थ करंटला परतीची वाट सापडत नाही, म्हणून तो भलत्या दिव्यातून वाट काढतो आहे. हे आमच्या कारखान्यात पॅनेल जोडणारी कुठलीही मुलगी सांगेल. माझं निदान झालं, अर्थिंग गेलं.

तिथून पुढे आपण भांडलो. माझं म्हणणं, बॅटरीपासून सुरुवात करायची. आधी फ्यूज, मग बल्ब, मग होल्डर, मग वायर. एक तपासायचं, त्यावर खूण करायची, मगच पुढे जायचं. तुमचं म्हणणं, दुखतं कुठे ते पेशंट सांगतोय, तिथेच हात लाव. "तुझी यादी संपू दे," तुम्ही म्हणालात, "तवर पेशंट गेलाच समज." मी म्हटलं, "आणि तुमच्या पद्धतीनं पेशंट रोज सकाळी नव्यानं ॲडमिट होतो, त्याचं काय?" तुम्ही इतक्या हसलात की डबा हातातून सुटला आणि अंगणभर मटकीची उसळ झाली.

एकदा द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्या जाकीरभाईंना दाखवली. त्यांनी दोघींचंही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाभी, कशाला झगडा करता? वायरिंग पुरी बदलून टाकू. टेन्शन खतम." तुम्ही म्हणालात, "जाकीरभाई, गुडघा दुखतो म्हणून तुम्ही माणूस बदलता का?" जाकीरभाई चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. कार्यक्रमाला ते आले होते, ताई. दुकान बंद ठेवून आले. जाताना मला फक्त एवढंच म्हणाले, "गुडघेवाली बात मी सगळ्यांना सांगतो."

तुम्हाला ॲडमिट केल्यानंतर मी रोज संध्याकाळी बसमधून उतरून रिक्षाने यायची. तुम्ही सलाइनचा वेग स्वतःच कमी-जास्त करायचात आणि तिथल्या सिस्टर तुमच्यावर चिडायच्या. त्या दिवशी तुम्हाला जरा हुशारी वाटत होती. मी बसायच्या आधीच म्हणालात, "ब्रेकलाइट झाला बरं का. मी केलाय."

"तुम्ही? कधी?"

"ॲडमिट व्हायच्या आधी. ड्युटीवरून येताना मागनं एक रिक्षावाला वरडला, बाई, लाइट नाय तुमचा. मग काय, बाजूला लावली आन् केला."

"काय केलंत नक्की? अर्थिंगच होतं ना?"

"स्विचच हाय तो. पण मागं एक वायर बी लोंबत होती. ती बांधली."

"म्हणजे अर्थिंगच."

"स्विच."

"ताई, वायर तुटली होती असं तुम्हीच सांगताय."

"आगं, वायर तुटली हुती, पण दुखणं स्विचचं हाय. घरी आले ना, दाखवते तुला."

सिस्टर बी.पी. बघायला आली आणि तिने मला बाहेर काढलं. दारातून मी वळून पाहिलं तर तुम्ही हवेत उजव्या हाताने लिव्हर दाबून दाखवत होतात. त्यानंतर आपलं बोलणं असं झालंच नाही. नळ्या लागल्यावर बोलता येत नाही, हे मला तुमच्यामुळेच आधीपासून माहीत होतं.

आता तुमच्या लेकीचं, अपेक्षाचं सांगते. ते सांगायलाच हे सगळं लिहितेय.

तिला निफाडच्या लॅबमधली नोकरी मिळाली, ते तुम्ही ऐकलंत. सोमवारी रुजू व्हायचं होतं. येताना अंधार होणार, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मागून येणारे सगळे घाईत. अशा रस्त्यावर ब्रेकलाइट नसलेली स्कूटर म्हणजे काय, हे तुमच्या ड्रेसिंग रूममध्ये येणाऱ्यांनी तुम्हाला दाखवलं होतं आणि तुम्ही मला सांगितलं होतंत. तिला स्कूटरच हवी होती, आणि ती जशी आहे तशीच. "मामी, धुवायची नाही. पुसायची नाही. आईनं लावलेलं काही काढायचं नाही." डिकीत तुमचा स्कार्फ होता, ते लोकरी हातमोजे होते, त्यांना अजून स्पिरिटचा वास येतो. ते मी समजू शकते. पण ती जाकीरभाईंकडेही न्यायला तयार नव्हती.

रविवारी दुपारी मी तिला सरळ सांगितलं, "ब्रेकलाइटची खात्री झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

"आईनं केलाय ना तो!"

"केलाय. पण काल मी गाडी भिंतीला पाठ करून लावली आणि भिंतीवर पडणारा उजेड बघितला. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतात."

"मग ठेवा किल्ली. मी जीपनं जाईन." ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. तशी बसली की ती थेट तुमच्यासारखी दिसते.

मी स्कूटर अंगणात स्टँडवर घेतली. तुमच्या शब्दांत सांगायचं तर स्टेथोस्कोप काढला, म्हणजे इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला माझा टेस्ट लॅम्प. बॅटरी ठीक. फ्यूज ठीक. मागच्या दिव्याची काच काढली, बल्बच्या दोन्ही तारा शाबूत. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं आणि दुसरं चेसिसला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवलं. पेटला. तेच टोक दिव्याच्या अर्थिंगला टेकवलं. नाही पेटला. मला आनंद झाला, ताई. खोटं कशाला बोलू. तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलंसुद्धा.

मग सीटमागचं प्लास्टिकचं कव्हर खोललं आणि तिथे तुमचं काम दिसलं. हिरवी अर्थिंगची वायर टोकाजवळ तुटलेली, दोन्ही तुकडे एकमेकांना पीळ देऊन जोडलेले, आणि त्यावर जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी. पर्समध्ये असायची तीच. कसं गुंडाळलं होतंत! एकेक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, कुठे सुरकुती नाही, जसं तुम्ही बोटाला बांधायचात. वायरीला कापडी पट्टी लावू नये. कापड पाणी धरतं. कुणीतरी गाडी धुतली असेल, नाहीतर दवच असेल. आतली तांब्याची तार हिरवी पडून गेली होती. रिक्षावाल्याच्या ओरडण्यापासून तुम्ही घरी पोचेपर्यंत ते काम चोख चाललं असणार. त्यापुढे ते चालणारच नव्हतं.

मी कात्री उचलली. माझ्या हातून नट उघडले होते, काच काढली होती, तोवर काही वाटलं नव्हतं. पट्टीला कात्री लावायची म्हटल्यावर मी तिथेच अंगणातल्या फरशीवर बसले. तुम्ही बांधलेली ती शेवटची जखम होती. कापावी तर लागणारच होती. सोमवार उद्यावर आला होता आणि निफाडचा रस्ता माझ्या-तुमच्यासाठी थांबणार नव्हता. पण अपेक्षाच्या पाठीमागे कापायची नव्हती.

"अपेक्षा, इकडे ये. एकदा बघ, मग तू म्हणशील तसं."

ती आली. वाकून बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल आणि मला हात लावू देणार नाही. मी मनात वाक्यं जुळवत होते, ट्रॅक्टर, अंधार, अर्थिंग. तिनं बोट पुढे केलं आणि पट्टीच्या शेवटावर ठेवलं. तिथे तुम्ही पट्टीचं टोक आत दुमडून ठेवलं होतंत. नखाएवढी छोटी घडी.

"मामी, हे बघितलं का?"

मला दिसलं होतं, कळलं नव्हतं.

"काढताना दुखू नये म्हणून ठेवायची ती. माझ्या गुडघ्याला लावायची तेव्हा पण. मी म्हणायची, काढू नकोस, राहू दे. तर म्हणायची, पट्टी काढायचीच असते बाई, खाली कातडं कसं येईल? म्हणून टोक ठेवलंय." आणि तिनं ते दुमडलेलं टोक चिमटीत धरलं आणि हळूच ओढलं. वेढे उलगडत आले. एकदाही अडलं नाही.

बाकीचं काम माझं. तार स्वच्छ होईपर्यंत मागे कापली, नवा तुकडा जोडून सोल्डर केला, टोकाला नवं थिंबल, म्हणजे नटाखाली बसणारी धातूची कडी, लावलं, चेसिसवरचा गंज घासून नट आवळला, वर काळी इन्सुलेशन टेप. ती पट्टी अपेक्षानं डिकीच्या झाकणाला आतून चिकटवली. चिकटेना. इतक्या दिवसांनी कशाला चिकटेल? मग मी तिच्या दोन्ही टोकांवर काळी टेप मारून दिली. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात, आता लावलीस का टेप, माझ्या पट्टीवर!

मी सीटवर बसले. अपेक्षा न सांगता मागे जाऊन उभी राहिली.

"डावा?"

"आहे."

"उजवा?"

"आहे."

"ब्रेक?"

"आहे, मामी! झक्क लागला!"

मी उतरणारच होते. भांडण मी जिंकलं होतं. पण उतरताना तुमचा तो वॉर्डातला हात आठवला, हवेत लिव्हर दाबणारा. उजवा हात. दिवा एकच, पण दोन्ही लिव्हरना स्विच वेगवेगळे, आणि मी नेहमी डावा लिव्हर दाबते. आत्ताही डावाच दाबला होता. मी पुन्हा बसले आणि उजवा दाबला.

"ब्रेक?"

मागून काही आवाज नाही.

"अपेक्षा, ब्रेक दाबलाय, बघ."

"नाही लागला. इंडिकेटर पण नाही. काहीच नाही."

मी लिव्हर दोनदा हलवला. "आता?"

"आता आहे."

तर असं होतं, ताई. दोन्ही होतं. तुम्ही कायम उजवा दाबायचात, मी कायम डावा. सकाळी तुमचा स्विच अडकायचा, तेव्हा काहीच पेटायचं नाही. संध्याकाळी खड्ड्यांनी माझं अर्थिंग सुटलेलं असायचं, तेव्हा भलतंच पेटायचं. इतकी वर्षं रोज दोन वेळा हजेरी घेतली आणि "ब्रेक" म्हणताना कुठला ब्रेक, हे दोघींपैकी एकीनेही सांगितलं नाही. मी एवढ्या याद्या करणारी. "डावा, उजवा" तर आपण रोज म्हणत होतो, पण इंडिकेटरपुरतं.

स्विच साफ करून भागलं नाही, त्याच्या आतली पत्र्याची पट्टी झिजली होती. जाकीरभाईंना फोन केला. रविवार असून त्यांनी दुकान उघडलं आणि स्विच दिला. "पुरी वायरिंग?" असं त्यांनी सवयीनं विचारलं आणि मग आमच्या तोंडाकडे बघून स्वतःच म्हणाले, "नको, नको. गुडघा."

तुमचं निदान बरोबर होतं, हे लिहून देते. अर्धं. उरलेल्या अर्ध्यावर मी ठाम आहे, आणि आधी काय बिघडलं यावर तुम्ही अजून वर्षभर तरी भांडला असतात. मला त्याची फार सवय होती. घरात आता माझ्या म्हणण्याला सगळे हो म्हणतात.

सोमवारी सकाळी अपेक्षा निघाली. तुमचा स्कार्फ बांधला होता. हातमोजे मोठे होतात तिला, तरी घातले. मी मागे उभी राहिले. तिनं स्वतःच नावं घेतली, आणि ब्रेक दोनदा घेतला. "डावा ब्रेक? उजवा ब्रेक?" मी उत्तरं दिली. आमची यादी आता एका ओळीने वाढली आहे.

गेटमधून बाहेर पडली, कॉलनीच्या रस्त्याने गेली. पुढे वळणावर, विहाराजवळ, तो गतिरोधक आहे ना, तिथे तिनं ब्रेक दाबला. लागला, ताई. एवढ्या लांबून स्वच्छ दिसला. कुठला दाबला होता, ते मात्र मागून कळत नाही.